बेटावरचा जोगी: गोष्टीत शिधा कोण कोणाला देतो ते आधी बघा

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण शिक्षिकेने विचारलं आहे: "माझी आज्जी ८४ वर्षांची आहे. ती सांगते की कारवारच्या दर्यात एका बेटावर जोगी राहतात. ते कधी किनाऱ्याला येत नाहीत. होडीवाले त्यांच्यासाठी खडकावर शिधा ठेवून मागे न बघता निघून येतात. सकाळी बघावं तर शिधा नसतो, त्या जागी नारळ असतात. रात्री त्यांचा दिवा दिसतो. हे बेट कुठलं? तिथं खरंच कोणी राहत होतं का? आमचं गाव घाटावरचं, घरात कोणी होडीत पाय ठेवलेला नाही, मग ही गोष्ट आमच्याकडे आली कशी? आणि आज्जीकडून ती नीट लिहून घ्यायची तर कशी घेऊ?"

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर पक्कं आहे. हो, राहत होते. कारवारच्या दक्षिणेला बिणग्याच्या समोर अंजदीव नावाचं बेट आहे. तिथल्या जोग्याबद्दल परदेशी माणसांनी दोनदा लिहून ठेवलं आहे. एक मजकूर १३४२ च्या सुमाराच्या प्रवासाचा आहे, दुसरा १४९८ च्या. मधे दीडशे वर्षं गेली, म्हणजे माणूस एकच असणं शक्य नाही. पण जागा तीच आणि राहण्याची रीतही तीच. तुमच्या आज्जीच्या गोष्टीतलं बेट अंजदीवच, असं मात्र मी म्हणणार नाही. ते का, हे पुढे येईल.

बेळगाव, खानापूर, जोयडा आणि कारवार या पट्ट्यात तीस वर्षं मी अशा गोष्टी ऐकत आणि उतरवून घेत आलो आहे. बेटावरच्या साधूची गोष्ट मला घाटाखाली ऐकायला मिळाली तशी घाटावरही मिळाली. सुरुवातीला मीही विचारायचो, बेट कुठलं, साधू कुठल्या पंथाचा, नाव काय. त्यातून हाती फारसं काही लागत नव्हतं. पुढे लक्षात आलं की सांगणारा बेटाचं नाव बदलतो, साधूचा वेष बदलतो, बाराचे तीन जोगी करतो, पण एक गोष्ट सहसा बदलत नाही: तो खातो काय आणि ते त्याला कुठून येतं. तेव्हापासून मी पहिला प्रश्न तोच विचारतो. शिधा कोण देतो? कोणाला देतो? बदल्यात काय मिळतं?

आता ते दोन जुने मजकूर बघा.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी. दिल्लीहून निघून पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला जाताना तो सिंदाबूरजवळून, म्हणजे गोव्याजवळून गेला आणि किनाऱ्याला लागून असलेल्या एका लहान बेटावर उतरला. बेटावर देऊळ होतं, बाग होती आणि पाण्याचं तळं होतं. देवळाच्या भिंतीला टेकून, दोन मूर्तींच्या मधे, एक जोगी बसलेला होता. तपश्चर्येच्या खुणा त्याच्या अंगावर दिसत होत्या. इब्न बतूताच्या मंडळींनी विचारलं तर तो बोलेना. जवळ खाण्याचं काही दिसेना. मग त्याने मोठ्याने आरोळी दिली, झाडावरून एक नारळ खाली पडला आणि तो त्याने यांच्या हातात ठेवला. यांनी पैसे देऊ केले, घेतले नाहीत. शिधा आणून दिला, तोही घेतला नाही. इब्न बतूताच्या हातात जपमाळ होती. ती जोग्याने हातात घेऊन न्याहाळली, तेव्हा याने ती त्यालाच देऊन टाकली. त्याने ती हुंगली, तिचं चुंबन घेतलं, आधी आकाशाकडे आणि मग मक्केच्या दिशेने बोट दाखवलं. निघताना त्याने हळूच इब्न बतूताचा कपडा ओढला आणि त्याच्या हातावर दहा दिनार ठेवले. सोबत्यांना हे कळल्यावर ते परत फिरले, तर जोगी नाहीसा झालेला. दुसऱ्या दिवशी ही मंडळी होन्नावरला पोचली.

गोवा आणि होन्नावर यांच्या मधे देऊळ, तळं आणि माणूस राहू शकेल एवढी जागा असलेलं बेट म्हणून बहुतेक अभ्यासक अंजदीवकडेच बोट दाखवतात.

दुसरा मजकूर वास्को द गामाच्या पहिल्या सफरीचा. १४९८ मध्ये परतीच्या वाटेवर त्याची गलबतं पाणी भरायला आणि डागडुजीला अंजदीवला थांबली. त्या सफरीवरच्या एका माणसाने रोजनिशी लिहिली आहे. तो सांगतो की बेटावर घडीव दगडाची मोठी वास्तू होती, पण पडलेली. गवताने शाकारलेला एक भाग तेवढा उभा होता आणि आत तीन काळे दगड पूजेला होते. शेजारी तसंच दगडी बांधणीचं तळं होतं आणि बेटाच्या माथ्यावर आणखी एक मोठं खोल तळं. दीडशे वर्षांपूर्वी इब्न बतूताने देऊळ आणि तळं पाहिलं होतं. इथे देऊळ पडलेलं आहे, तळं भरलेलं आहे आणि पूजा चालू आहे. पूजा चालू म्हणजे ती करणारं कोणीतरी आलंच. तो माणूस आपल्याला गास्पार कोरिया या पोर्तुगीज इतिहासकाराच्या लिखाणात भेटतो. कोरिया म्हणतो, बेटावर एकच भिकारी जोगी राहायचा, लहानशा दगडी घरात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांनी दिलेल्या तांदळावर आणि भाजीपाल्यावर जगायचा. कोरिया स्वतः त्या सफरीवर नव्हता. तो १५१२ च्या सुमारास भारतात आला आणि त्याने लिहिलं ते ऐकीव. म्हणून रोजनिशीएवढं वजन त्याला देता येत नाही. पण जोगी गलबतांच्या तांदळावर जगतो, ही गोष्ट रचून सांगण्यात कोणाचा काही फायदा नव्हता. अशा बिनफायद्याच्या तपशिलावर मी जास्त विश्वास ठेवतो.

हे दोन मजकूर शेजारी ठेवा. इब्न बतूताचा जोगी पाहुण्याला खाऊ घालतो, शिधा नाकारतो, वर दहा दिनार देतो. कोरियाचा जोगी पाहुण्यांच्या तांदळावर जगतो. बेट एक, तऱ्हा एक, आणि शिध्याची दिशा बरोबर उलटी. पहिल्यात जोगी सिद्ध आहे, दुसऱ्यात याचक. आणि तुमच्या आज्जीच्या गोष्टीत दोन्ही एका रात्रीत घडतं: शिधा जातो, नारळ येतो. म्हणून मला तुमच्या आज्जीची गोष्ट इतकी मोलाची वाटते. त्या दोघा लिहिणाऱ्यांनी देवाणघेवाणीची एकेक बाजू टिपली, आज्जीने दोन्ही सांभाळल्या.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. इब्न बतूताने त्या मूक माणसाला आपल्या धर्मात बसवलं. हा छुपा मुसलमान आहे, लोकांच्या भीतीने गप्प राहतो, असं त्याने ठरवलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, आपल्याकडेही तेच चालतं. बेटावरचा माणूस बोलत नाही, म्हणून येणारा प्रत्येक जण त्याच्या तोंडी आपली भाषा घालतो. धारवाड जिल्ह्यात नवलगुंदजवळ यमनूरला जाऊन बघा. एकाच ठिकाणी कोणी चांगदेवाला नवस बोलतो, कोणी राजा बागसवार पिराला. सांगणारा 'जोगी' म्हणतो, 'गोसावी' म्हणतो, 'बैरागी', 'पीर' म्हणतो की आपल्याकडच्या कन्नड शेजाराने दिलेला 'अज्जा' म्हणतो, ते जसंच्या तसं लिहा. त्या शब्दावरून बेटावरचा माणूस कोण होता हे कळणार नाही, पण गोष्ट कोणकोणत्या घरांतून फिरून आली हे बऱ्यापैकी कळतं. 'अज्जा' म्हणणाऱ्या मराठी घरात ती एखाद्या कानडी जावेने किंवा शेजारणीने आणलेली असू शकते.

तिथे जोगी पोचले कसे, हे सांगायला चमत्कार लागत नाही. मंगळूरचं कद्री हे नाथपंथाचं मोठं पीठ आहे. तिथल्या लोकेश्वराच्या कांस्यमूर्तीवर ९६८ सालचा लेख आहे. दर १२ वर्षांनी त्र्यंबकेश्वरहून नाथजोग्यांची झुंडी पायी निघते आणि महिनोन् महिने चालत कद्रीला पोचते, तिथे नव्या राजाची, म्हणजे मठाधिपतीची, गादी बसते. ही रीत आजही चालू आहे. तुमच्याच तालुक्यातला हंडीभडंगनाथाचा मठ त्याच नाथ परंपरेतला. म्हणजे नाशिककडून कद्रीकडे जाणारे जोगी आपल्या भागाला नवे नाहीत. त्यातला एखादा मागे राहिला, किनाऱ्यावर थांबला, एखाद्या होडीवाल्याने त्याला पलीकडे नेऊन सोडलं, एवढं झालं तरी पुरे.

पोचणं सोपं, टिकणं अवघड. माणूस टिकतो तो गोड्या पाण्यावर. अंजदीवची सगळी कीर्ती पाण्याची आहे. पाण्यासाठी गलबतं तिथे थांबत. पोर्तुगीजांनी तिथे उभारलेलं मेरीमातेचं देऊळसुद्धा 'झऱ्यांची माता' म्हणून ओळखलं जातं. त्यांनी १५०५ मध्ये तिथे किल्ला बांधला आणि वर्षभरातच सोडला. पुढे मुंबई ताब्यात घ्यायला निघालेले इंग्रज सैनिक १६६० च्या दशकात तिथे अडकून पडले. काही शेकड्यांनी आलेले, त्यातले बहुतेक आजाराने गेले, आणि त्यांचा सेनापती अब्राहम शिपमनही तिथेच वारला. जे बेट एका पलटणीला पुरलं नाही, तिथे एक जोगी राहू शकला, याचं कारण तो एकटा होता आणि त्याची गरज एका माणसाची होती. खारं पाणी चारी बाजूंनी आणि मधे गोड झरा, एवढंच पाहिलं तरी किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं, इथे कोणाची तरी पुण्याई आहे. लोक साधूच्या तपामुळे झरा फुटला असं सांगतात. माझ्या मते क्रम उलटा आहे. आधी झरा, मग देऊळ, मग साधू, आणि सगळ्यात शेवटी गोष्ट.

पावसाळ्याचा प्रश्न राहतोच. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. जुन्या काळी तर आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, होड्या ओढून ठेवल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. मग बेटावरचा माणूस काय खायचा? दोनच वाटा दिसतात. आगोटीच्या आधी कोणीतरी तीन महिन्यांचं भात-तांदूळ पोचवत असलं पाहिजे, नाहीतर तो चातुर्मासाला किनाऱ्यावर येत असला पाहिजे. कुठल्याही साधूने चातुर्मास एका जागी काढायचा ही रूढी आहेच. म्हणून आज्जीला हे जरूर विचारा: पावसाळ्यात जोगी कुठं असायचे? त्यावर त्या घोटाळल्या तर गोष्ट लांबून आलेली आहे. चटकन उत्तर दिलं तर मूळ सांगणारा समुद्राचा जाणता होता.

आता दिवा. कारवारच्या समोर देवगड म्हणून बेट आहे. सिंधुदुर्गातलं देवगड वेगळं, हे लक्षात ठेवा. या देवगडावर १८६४ पासून दीपगृह आहे. त्याआधीही समुद्रावर दिवे दिसत असणार, मासे धरणाऱ्यांचे, गलबतांचे. पण दर रात्री त्याच जागी, न चुकता दिसणारा दिवा लोकांना मिळाला तो तेव्हापासून. जोग्याचा दिवा 'कधी कधी' दिसतो की 'रोज' दिसतो? आज्जी रोज म्हणत असतील, तर गोष्टीचा तेवढा तुकडा १८६४ नंतर जोडला गेला असं मी समजेन. बाकीची गोष्ट त्याहून जुनी असू शकते. लोककथा घरासारखी असते. ओसरी कालची असली तरी माजघर शंभर वर्षांचं असतं, आणि ओसरीचं साल सांगितल्याने माजघराचं साल खोटं ठरत नाही.

बेट कुठलं, याचं पक्कं उत्तर मी देत नाही ते याच कारणाने. दिवा देवगडचा असू शकतो. पाणी आणि देऊळ अंजदीवचं असू शकतं. किनाऱ्याजवळ कुरुमगड आहे, तिथे नरसिंहाचं देऊळ आहे आणि पौष पौर्णिमेला जत्रा भरते. त्या जत्रेला किनाऱ्यावरचे लोक जातात तसे घाटावरचेही जातात. बेटावर देव आहे हे घाटावरच्या माणसाने डोळ्यांनी पाहायची ती एक संधी. आणि कारवारच्या भोवतीच्या बेटांच्या नावांत 'संन्यासी' हे नावही येतं. लांबून ऐकणाऱ्याला ही सगळी एकच होतात. घाटावर बसून समुद्रातली बेटं वेगवेगळी कोण मोजणार?

त्यात आणखी एक बेट मिसळलं आहे, आणि ते समुद्रात नाही. आपल्याकडे दत्तभक्ती मोठी आहे. नृसिंहवाडी निपाणी-चिकोडीवाल्यांना जवळची, बाळेकुंद्री तर बेळगावच्या दारात. गुरुचरित्राचं पारायण ज्या घरात झालं, त्या घरात कुरवपूर ठाऊक असतंच: कृष्णेच्या पात्रातलं रायचूरकडचं बेट, तिथे राहणारे श्रीपाद श्रीवल्लभ आणि त्यांना रोज नमस्कार करणारा परीट. नदीतून राजाची नौका थाटात जाताना बघून त्याच्या मनात राजवैभवाची इच्छा येते आणि पुढच्या जन्मी तो राजा होतो. बेटावरचा साधू म्हटल्यावर आपल्या बायकांच्या डोळ्यांपुढे पहिलं चित्र येतं ते हे. योगायोग असा की परंपरेने श्रीपाद श्रीवल्लभांचा काळही चौदाव्या शतकातलाच मानतात, म्हणजे इब्न बतूता किनाऱ्यावरून गेला तेव्हाचाच. यातून काही सिद्ध होत नाही. पण आज्जीच्या गोष्टीत जोगी पाण्यावरून चालत असेल, किंवा कोणाला पुढच्या जन्माचा वर देत असेल, तर तो भाग दर्याचा नाही, कृष्णेचा आहे. श्रावणात नवनाथांची पोथी लागणारी घरं तर ओळखू येतातच. तिथे जोग्याला मच्छिंद्र किंवा गोरक्ष असं नाव मिळालेलं असतं.

तुमचा तिसरा प्रश्न, गोष्ट घाटावर आली कशी, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा आहे. त्याचं उत्तर तुमच्या आज्जीच्या गोष्टीतच आहे.

शिध्यात काय होतं ते विचारा. बहुधा तांदूळ, डाळ आणि गूळ असं सांगतील. बदल्यात काय? नारळ. आता रामघाट, चोर्ला, तिनई, अणशी या वाटांवरून बैलांच्या पाठीवर काय जायचं-यायचं ते आठवा. वरून खाली तांदूळ, गूळ, मिरची. खालून वर मीठ, नारळ, सुकी मासळी. आज्जीच्या गोष्टीतली होडी तेच नेते आणि तेच आणते. खानापूरच्या माणसाने बेट पाहिलं नव्हतं, पण देवाणघेवाण पाहिली होती. घाटाखाली तांदूळ ठेवायचा आणि नारळ घेऊन यायचा, हे त्याच्या घरच्या माणसांचं कामच होतं. किनाऱ्यावरच्या सांगणाऱ्यांकडे मी हीच गोष्ट ऐकली तेव्हा बदल्यात नारळ क्वचित आला. तिथे नारळ दारात पडलेला, त्याचं नवल कोणाला? तिथे जोगी बदल्यात अंगारा देतो, वादळाची आगाऊ सूचना देतो किंवा जाळं भरून मासळी देतो. नारळाला प्रसादाचं मोल येतं ते घाट चढल्यावर. म्हणून माझा अंदाज असा की गोष्ट किनाऱ्यावर जन्मली, पण तुमच्या घरी आहे ते तिचं रूप घाटात, तांड्याच्या मुक्कामावर घडलं. बैल सोडलेत, चूल पेटली आहे, खालचा माणूस आणि वरचा माणूस एकाच विस्तवापाशी बसले आहेत, आणि खालचा सांगतो, आमच्याकडे एक बेट आहे. ऐकणारा त्यात आपला तांदूळ घालतो आणि आपला नारळ घेतो.

मागे न बघता निघून यायचं, हाही धागा लक्षात ठेवा. रानातल्या देवाला नैवेद्य ठेवून वळून न बघण्याची रीत आपल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात आहेच. ती गोष्टीत शिरली ती घाटावरच शिरली असावी.

आता लिहून घ्यायचं कसं, त्याबद्दल. इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, ती तुमच्याकडून होऊ नये. पहिल्या काही वर्षांत घाटाखालच्या एका गावात एका म्हाताऱ्या होडीवाल्याला मी विचारलं, "तो साधू नाथपंथी होता का?" ते म्हणाले, "आसंल की." मी लिहून घेतलं. दोन वर्षांनी त्याच गावात त्यांच्या नातवाने मला तीच गोष्ट सांगितली आणि तिच्यात कानफाट्या जोगी आला, मुद्रा आल्या, शिंगी आली. आजोबांच्या मूळ सांगण्यात यातलं काही नव्हतं. ते माझ्या प्रश्नातून आलं होतं. ते आजोबा तोवर गेले होते. त्या गावची मूळ गोष्ट काय होती हे आता मला कधीच कळणार नाही, आणि ती बिघडवणारा मीच होतो. म्हणून आज्जीला अंजदीवचं नाव सांगू नका, इब्न बतूताचं सांगू नका, मी वर लिहिलेलं यातलं काहीही आधी वाचून दाखवू नका. सगळं सांगून झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर, हवं तर सांगा. त्यांना ते ऐकायचा हक्क आहे आणि बहुधा आवडेलही.

मोबाइलवर आवाज टिपून घ्या, पण वहीही जवळ असू द्या. आज्जी ज्या बोलीत सांगतात त्याच बोलीत उतरवा. 'बगा', 'न्हवं', 'काय की' हे काढून पुस्तकी मराठी करू नका. मधे कोंकणी किंवा कन्नड शब्द आला तर तो हमखास जपा. बेटाला त्या 'जुवें' म्हणाल्या, 'गुड्डा' म्हणाल्या किंवा नुसतं 'गड' म्हणाल्या, तर त्या एका शब्दात गोष्टीची वाट लपलेली असते. 'जुवें' असेल तर गोव्याकडून, चोर्ल्याच्या वाटेने. 'गुड्डा' असेल तर कानडी तोंडातून. गोष्ट दोनदा घ्या, मधे निदान पंधरा दिवस जाऊ द्या. दोन्ही वेळा जे तसंच येतं ते त्यांनी ऐकलेलं, आणि जे बदलतं ते त्या क्षणी सुचलेलं, असं ढोबळ मानानं धरता येतं. बदललेलं टाकून देऊ नका, वेगळं लिहा.

ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली, कुठं बसून, कुठलं काम करताना, हे विचारा. भात कांडताना की परसात काजू सोलताना? सांगणारी बाई माहेरची की सासरची? आज्जीचं माहेर घाटाच्या तोंडाशी असेल, कणकुंबी-जांबोटीकडे किंवा लोंढ्याकडे, तर मी वर मांडलेल्या अंदाजाला बळ येतं. माहेर बिडी-नंदगडकडे असेल तर मला तो पुन्हा तपासावा लागेल, आणि तुम्ही कळवलंत तर मी तपासेन.

बेट बघायला जायचं मनात असेल तर एवढंच. अंजदीव प्रशासनाने गोव्याचं असलं तरी आता कारवारच्या नौदल तळात आहे, सहज जाता येत नाही. कुरुमगडला जत्रेच्या वेळी होड्या जातात. २०१९ च्या जानेवारीत जत्रेहून परतणारी होडी उलटून १६ माणसं गेली, त्यांत घाटावरून आलेली कुटुंबं होती. जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याशिवाय बसू नका आणि भरलेल्या होडीत चढू नका, मग मागे कितीही गर्दी असो.

आणि आज्जीचं सांगणं संपलं, आवाज टिपणं बंद केलंत, की लगेच उठू नका. चहा घ्या, बसा. जोयड्याच्या बाजूच्या एका गावात एक आज्जी मला तासभर हीच गोष्ट सांगत होत्या: होडीवाले शिधा ठेवत, जोगी उचलून नेत. मी यंत्र बंद केलं, वही पिशवीत टाकली, तेव्हा त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "पर आमच्या आज्याला त्यानंच वाढल्यालं हुतं. मीठ आणाय गेल्ता, घाटाखाली तापानं पडला. कुणी घरात घेईना. त्यो येऊन पेज देऊन गेला. कुठनं आला कुणी बगितलं न्हाई." मी विचारलं, मग इतका वेळ हे का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "त्ये गोष्टीतलं न्हवं. त्ये आमच्या घरातलं."